मालकाविना गिरणी

२९ ऑगस्ट २०२५, शुक्रवार
सातला गिरणी उघडली. दुपारपर्यंत तेवीस डबे. पट्टा दोनदा उतरला. साडेआठला बंद. आंघोळ करताना कानातून पीठ निघालं. मलकापुरात एकवीस वर्षं तेच निघतंय. शिसारी आली.
काल कराडात शिबिर केलं. 'मालकाविना चालणारा धंदा'. सूटवाल्या सरांनी विचारलं, मागच्या वर्षात सलग चार दिवस सुट्टी कुणी घेतली? दोनशे दुकानदारांत एकच हात वर. त्याला लघवीला जायचं होतं.
माझ्या बायकोला, शालनला जाऊन श्रावणात वर्ष झालं. तिला सांगलीला लेकीकडे, सृष्टीकडे, चार दिवस राहायचं होतं. मी म्हणायचो, हंगाम संपू दे. पिठाच्या गिरणीला कसला हंगाम, असं ती कधी म्हणाली नाही.
संकल्प: १५ सप्टेंबरला अविधवा नवमी. सृष्टी तिच्या घरी आईच्या नावानं सवाष्ण जेवू घालणार आहे. नैवेद्याचं पान मी दाखवायचं. बाराच्या आत पोचणार. वर चार दिवस राहणार. गिरणी हाताखालचा धुळा चालवेल.

३१ ऑगस्ट, रविवार
सिस्टीम तयार. भिंतीवर तक्ता लावला. नियम एक: जो डबा आधी आला, तो आधी दळायचा. प्रत्येक डब्याला नंबराचं स्टिकर.
धुळा म्हणाला, "मालक, वैनी नुसत्या डब्याच्या पोच्यावरनं सांगायच्या, कुणाचा हाय त्यो."
मी म्हणालो, ती सिस्टीम नव्हे. धंदा कुणाच्या डोक्यावर चालवायचा नसतो.
तो डबे उचलायला लागला. पटलं असावं.

२ सप्टेंबर, मंगळवार
ट्रायल. मी दिवसभर मागं घरात बसलो. गिरणीत फक्त चौदा वेळा गेलो.
दहापर्यंत सगळी स्टिकरं गळाली. पिठावर गोंद धरत नाही. हे कंपनीनं पाकिटावर लिहायला हवं.
चारला शेजारच्या मनुबाई आल्या. उद्या एकादशी. त्यांची भगर बाजरीवर दळली गेली. सगळ्या गिऱ्हाइकांदेखत म्हणाल्या, "नानासो, उपासाच्या पिठात बाजरी घातलीस व्हय रं? शालन सकाळी दगड साफ करून पयलं उपासाचं काढायची. तुला एवढं बी म्हाईत न्हाई?"
धुळाला झापलं. त्यानं तक्त्यावर बोट ठेवलं. नियम एक.
माणसं सिस्टीमचा अर्थ समजून घेत नाहीत. पाठोपाठ आणखी तिघी तीच तक्रार घेऊन आल्या. किळसवाणा दिवस.

९ सप्टेंबर, मंगळवार
सुधारित तक्ता. एकेचाळीस नियम. लॅमिनेट केला. धुळा वाचत नाही, मान हलवतो. मान हलवणं ही सुरुवात आहे.
सृष्टीचा फोन. नक्की येताय ना बाबा? म्हटलं, म्हणजे काय.
गिऱ्हाइकांना सांगून टाकलं, चार दिवस मी नाही. मनुबाई म्हणाल्या, "जा की. आमी काय भाकरी खायाचं थांबतोय व्हय?"
वरवर बोलतात. काळजी लपत नाही.

१५ सप्टेंबर, सोमवार. सकाळी ८.१०, एस.टी.त
खिडकीची जागा मिळाली. काहीही अडलं तर फोन कर, असं धुळाला तीनदा बजावलंय. अजून फोन नाही.

८.३०
फोन नाही. मोबाईल चालू आहे. रेंज आहे. शेजारच्या माणसाला मिस कॉल द्यायला लावला. वाजला. म्हणजे फोन करायलाही सवड मिळू नये असं काहीतरी झालंय.
पेठ नाक्याला उतरलो.

दुपारी २.४०
पावणेदहाला परत. गिरणीचा आवाज कोपऱ्यावरूनच आला. आत बायका आपापला डबा धरून उभ्या. माझा तक्ता कुणाच्या तरी पिठावर झाकण म्हणून. धुळा म्हणाला, "मालक, काय इसरलं का?"
मनुबाई म्हणाल्या, "आरं, तू गेला न्हाईस? नवमी हाय न्हवं आज? पळ की."
म्हटलं, साडेदहाची गाडी आहे, तिनं पोचतो. पण पट्ट्याचा आवाज मला ढिला वाटला. धुळा म्हणाला, बरा हाय, हात लावू नगा. मी ताणला. तुटला. कराडातून नवा आणून बसवेपर्यंत एक वाजला. बायका डबे ठेवून निघून गेल्या.
दीडला सृष्टीचा फोन. सवाष्णीला किती वेळ ताटकळत ठेवणार? पान तिच्या सासऱ्यांनी दाखवलं.
मी सांगितलं, गिरणीत मोठा बिघाड झाला होता. मी होतो म्हणून निभावलं.
ती म्हणाली, "आईलाही असंच सांगायचात." आणि जेवून घ्या म्हणाली.
सांगलीची पिशवी परत खुंटीला लावली. हातपाय धुतले. एक वाटी तांदूळ धुऊन कुकर लावला. तीन शिट्ट्या झाल्यावर गॅस बंद केला.