पडीक म्हणून लिहिलेली जमीन

पोशीर, ता. ११ सप्टेंबर १९२७

प्रिय अब्बास,

तुझं पत्र पोचलं. अब्बांच्या खोकल्याची चौकशी केलीस, भाताची केली नाहीस. ती मीच सांगते. भात पोटरीला आलंय. ओढ्यापासून डोंगराच्या पायथ्यापर्यंत सगळं हिरवं आहे, आणि वरच्या कुरणात गवत कमरेला लागतं. तू मुंबईत ज्या कंपनीत कारकुनी करतोस, तिला याच जमिनीवर शेटलोकांच्या हवापालटासाठी बंगले उठवायचेत.

श्रावणात कंपनीचा माणूस आला आणि चावडीवर नकाशा आणि पाहणीचा कागद पसरून बसला. जमीन पडीक आहे म्हणून सरकार ती कंपनीला देणार, कुणाची हरकत असेल तर कर्जतला मामलेदारांपुढे सांगावी, म्हणाला. धाऊकाकांनी नकाशात आपलं खाचर शोधलं. तिथे चेंडू खेळायचं मैदान काढलेलं होतं. ते त्या चौकोनावर हात ठेवून बसले. मग सगळे माझ्याकडे वळले. अब्बास तिथेच आहे ना, त्याला लिही, तो काहीतरी करील, असं जो तो म्हणायला लागला. मी म्हटलं, तो लहान माणूस आहे, त्याला यातलं काय माहीत असणार. तुझ्यासाठी मी गावाच्या तोंडावर खोटं बोलले. का, ते पुढे लिहिते.

मंगळवारी आम्ही चाळीसजण पहाटेच निघून पायी कर्जतला गेलो. डोंगरावरच्या वाडीच्या बायकाही होत्या. कंपनीच्या वकिलाने तोच पाहणीचा कागद वाचला. पीक नाही, गवत नाही, कुणाची वहिवाट नाही. तेव्हा बुधी पुढे आली. आई गेल्यावर दोन पावसाळे जिने तुला पाठीला बांधून वागवलं, तीच बुधी. मामलेदारांपुढे ती जराही दबली नाही. म्हणाली, "सायबा, उन्हाळ्यात बघशील तं समदीच जमीन पडीक हाय. आमी तिथंच गवत कापतो, शेवळांची भाजी खुडतो. तुमी आता येऊन बघा."

वकील हसला. कंपनीचा शिकलेला माणूस जागेवर जाऊन डोळ्यांनी पाहून आलाय, या बाईला खोटं पढवून आणलंय, असं त्याने सांगितलं. जन्मात बुधीला कुणी खोटारडी म्हटलं नव्हतं. ती मागे येऊन भिंतीशी बसली, आणि माझ्या अंगाचा नुसता जाळ झाला.

कारण अब्बास, तो कागद मी चावडीवरच पाहिला होता. खाली सही साहेबाची होती, पण अक्षर तुझं होतं. पाटीवर तुझा हात धरून ते मीच गिरवून घेतलं होतं. वैशाखात तू चार दिवस घरी आलास, ऊन डोक्यावर घेऊन बांधाबांधाने एकटा फिरलास. मला वाटलं, पोराला गावाची ओढ लागली. तू पीक नसलेले दिवस निवडून आला होतास! कापणी झालेल्या खाचराला तू पडीक म्हणालास. ज्या खाचराचा भात खाऊन वाढलास, त्याला!

इतके दिवस मी तोंड मिटून राहिले. कचेरीत मिटवेना. मी उठले आणि मामलेदारांना सांगितलं, हे अक्षर माझ्या भावाचं आहे, त्याचा जन्म याच गावचा, वहिवाट कुणाची आहे ते त्याला पुरतं ठाऊक आहे, त्याला इथे बोलवा. तुझं नाव आणि पत्ता मी स्वतः लिहून दिला. निकाल थांबलाय. सत्तावीस तारखेला तुला हजर राहायचं आहे. समन्स येईल, त्याआधी माझ्याकडून कळावं म्हणून हे पत्र. नोकरी जाईल, हे मलाही कळतं. तरीही खरं बोल. बुधीच्या समोर उभा राहून बोल. अब्बांना मी अजून काही सांगितलेलं नाही. ते तू घरी येऊन, त्यांच्यापाशी बसून सांगायचं आहेस.

तरीही तुझीच बहीण,
आयशा