स्मरणिकेच्या पानावरून मामी गायब

देवास गेट, उज्जैन
मंगळवार

तीर्थस्वरूप विष्णूमामांना,

आल्हादचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. ग्वाल्हेरला मधुराताईकडे नीट पोहोचलात आणि गुडघा बरा आहे, असं धरून चालतो. इथे माझ्या हातून मात्र मोठा घोळ झाला आहे. हे पत्र बसून वाचा.

मी दुकानात जुळवतोय त्या आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत लग्नाला पन्नास वर्षं झालेल्या जोडप्यांची पानं आहेत. तुमच्या पानासाठी मामीने राम घाटावरचा फोटो दिला (दोघांचा एकत्र असा तेवढाच सापडला म्हणे). पानाला झेंडूची चौकट, म्हणून मागचा घाट, पंड्यांच्या छत्र्या आणि ती गाय काढून पार्श्वभूमी पारदर्शक करायची होती. हल्ली हे काम कॉम्प्युटर एका बटणात करतो. मुख्य माणूस ठेवतो, मागचं सगळं पुसतो. मी बटण दाबलं आणि चहाला गेलो. (इथेच घात झाला.)

मामा, मामी तुमच्या एक पाऊल मागे उभी आहे हो! प्रत्येक फोटोत ती तशीच उभी राहते, डोक्यावर पदर घेऊन, बाजूला. कॉम्प्युटरला हे कोणी सांगायचं? त्याने छत्र्या पुसल्या, गाय पुसली आणि मामीही पुसली. तुमचं कोपर धरलेली तिची चार बोटं आणि दोन बांगड्या तेवढ्या उरल्या. खाली ठळक अक्षरांत ‘पन्नास वर्षांची अखंड सोबत’. पाचशे प्रती छापून आल्यावर मी ते पान पाहिलं. अजून विश्वास बसत नाही. रविवारी प्रकाशन आहे आणि पहिली प्रत मामीच्याच हातात द्यायची ठरली आहे!

पान पुन्हा छापतो. चूक माझी. मामीला काही कळू देणार नाही.

तुमचा,
आल्हाद

ता. क. : तुम्ही फोन घरीच विसरलात, म्हणून कागदावर लिहिलं. तुम्ही निघायच्या आधी त्याच फोनवर मी प्रूफ न बघताच पाठवलं होतं आणि तुमचं उत्तर आलं होतं, “एकदम बढिया. काहीच कमी नाही. छापून टाक.” घरी आल्याबरोबर, चपला काढायच्या आधी, ते पुसा.

ता. क. २ : पाकीट चिकटवणार, तोच मामी दुकानात आली. हातात तुमचा फोन. ओरडली नाही (त्यानेच मी जास्त घाबरलो). “यांना पताच नाही लागला रे, मी नाही म्हणून,” एवढंच म्हणाली. मग स्टूल ओढून बसली आणि नवं पान स्वतः पास करून गेली. फोटो तोच, चौकट तीच. आता त्यात मामी एकटी आहे. तुमचं कोपर तेवढं ठेवायला सांगितलंय, तिला धरायला.