कोंबडीखालची बदकं

तीर्थरूप आईस,
कोइमतूरहून धोंडिरामचा पायांवर माथा.

“म्याच मारली रं दोन पिल्लं, कशाला सोडली तळ्यात?” म्हणून तू फोनवर रडलीस. त्याचंच उत्तर लिहितो.

बदकीण स्वतःच्या अंगाचं तेल पिल्लांच्या पिसांना लावते. तुझ्या कोंबडीनं अंडी उबवली, माया केली, पण तेल कुठून देणार? पिल्लं भिजून गारठली. यात तुझा दोष नाही. उरलेल्यांना पिसं फुटेपर्यंत प्यायपुरतंच पाणी ठेव.

सोनं गाळायच्या भट्टीचा धूर हल्ली सोसत नाही, थोडा खोकला आहे. काळजी नको. तू जेवतेस ना?

पिल्लं कुणाला देऊ नकोस. ती तळ्यात उतरतील तेव्हा मी तुझ्याजवळ काठावर असावं, एवढंच खरसुंडीच्या नाथाला मागतो.

तुझा,
धोंडिराम