स्टंपामागची हाक

ता. ४ जाने., रवि.
लोणीची टुर्नामेंट. पहिली मॅच मारली. चुलतभाऊ विक्यानं तीन विकेटी काढल्या. मी कीपर. प्रत्येक बॉलला माझं नेहमीचं ओरडणं: "टाक रं..." आणि पुढे आमच्या जातीचं जुनं नाव, शिवी करून. शिनोलीत आमच्या बौद्धवस्तीतली पोरं एकमेकांना तशीच हाक मारतात, लाडानं. इथे लिहायला मात्र हात धजत नाही. गंमतच आहे.

स्टंपाजवळ माइक होता, यूट्यूबवर लाइव्ह चालू. माझ्या लक्षातच आलं नाही. घरी आई वाढता वाढता म्हणाली, "तुज्या आज्याला ह्याच नावानं दारातनं हाकलायचे. आन् तू माइकवर?" जेवण गेलं नाही.

ता. ११, रवि.
सेमीफायनलही जिंकलो. पण... कॉमेंट्रीला सुनील होता. लोणीचाच, पाटलांचा. त्याच्या बंगल्याचं वायरिंग मी केलंय, पोरगा चांगला आहे. विक्या रनअपला गेला आणि हा भोंग्यावर: "आन् आता येतोय आपला लाडका — एक्सप्रेस!" मधला शब्द तोच.

लोक हसले. बाउंड्रीवरच्या पोरांनी तेच उचललं. विक्या जागीच थांबला, मग हसला. त्याचं असलं हसू मी आजवर पाहिलं नव्हतं.

ता. १२, सोम.
विक्याच्या टेम्पोत बेल्ह्याच्या बाजाराला. बैल उतरवत होतो. मोटरसायकलवरून एक अनोळखी माणूस ओरडून गेला, "अय — एक्सप्रेस!" मधलं काही गाळलं नाही. म्हणजे व्हिडिओ तिथवर पोचला.

परतताना विक्याचं एकच वाक्य. "फायनलला कोन बोललं तर स्टंप उपटनार. मंग व्हायचं ते व्हईल." हा बोलतो तसं करतो. आम्ही अकरा, आणि मैदानाभोवती सगळं गाव. भीती वाटते. सरळ लिहून टाकतो.

ता. १४, बुध.
सुनीलला चहाला गाठलं.
"भाऊ, तूच म्हनतो ना त्याला? मला वाटलं, लाडाचं नाव हाय."
सांगितलं, आमच्या तोंडी वेगळं, तुझ्या तोंडी वेगळं.
"मंग पोरांना काय सांगू? त्यांनी तर तुज्याकडनंच ऐकलंय."
उठताना हळूच म्हणाला, "केस तर नाय ना करनार, राव?" तोही घाबरलाय. भोंग्यावर पुन्हा म्हणणार नाही, शब्द दिला. पण बाउंड्रीचं कोण बघणार? आणि कुणाला दोष देऊ? आपलेच दात, आपलेच ओठ.

ता. १६, शुक्र.
प्रॅक्टिस. मी तोंड शिवून उभा. विक्याचे वाइडवर वाइड. शेवटी बॉल आपटून आला.
"मुका झाला का? बोल की!"
म्हटलं, नको. आपणच बंद करू, म्हणजे दुसऱ्याला अडवता येईल.
"तू म्हनतो तवा ते माजं असतं. तू बी सोडलं तर फकस्त त्यांचंच राहील."
हेही खोटं नाही.

आईला सांगितलं. "यवढी माया हाय तर विक्रम म्हन. आम्ही नाव ठेवलंय ना चांगलं?" हेही खोटं नाही. मी मधे लोंबकळतोय.

ता. १८, रवि.
आज फायनल. झोप धड नाही. धास्ती पोरांची आहेच, त्याहून जास्त माझी. जिभेला हाड नाही. विकेट पडली की जीभ मला विचारणार आहे थोडीच! माझ्या तोंडून गेलं की पोरं सुरू, पोरं सुरू झाली की विक्याच्या हातात स्टंप. आणि नाही गेलं, तर त्या सगळ्या गोंगाटात तो एकटा.

आईनं मोबाईल चार्जिंगला लावलाय. म्हणाली, "बघनार हाय मी. आवाज बंद करून."

बूट घालतोय तोवर बाहेर टेम्पो आला. विक्यानं मला हाक मारली, त्याच शब्दानं. पार विहारापर्यंत ऐकू गेली असेल. मुद्दामच मारली.

बूट अर्धवट ठेवून हे लिहितोय. आई चुलीपाशी उभी राहून माझ्या तोंडाकडे बघतेय. त्यानं दुसऱ्यांदा हाक मारली.

अजून ओ दिलेली नाही.