राहिलेली अठरा क्रेडिट्स

प्रिय खारू,

पाकिटावरचं अक्षर ओळखून पत्र फाडलं नसशील, तर आधी मला जरा भांडून घेऊ दे. तुझ्याशी नाही, तुझ्या जुन्या कॉलेजातल्या तीन नंबरच्या खिडकीशी. पत्ता मामाकडून काढला. त्याच्यावर चिडू नकोस, मी त्याला दोन दिवस फोन खाली ठेवू दिला नाही.

मी दुसरी पदवी करायला निघाले आहे, इतिहासाची. हसू नकोस. चौतीस वर्षं प्रयोगशाळेत नळाचं पाणी तपासलं, आता जरा माणसं तपासावीत म्हटलं. माझी समजूत अशी, की एक पदवी आहेच, चार पेपर दिले की दुसरी हातात. खिडकीतला क्लार्क तुझ्याच वयाचा असेल. म्हणाला, "तसं नसतं, आजी." आजी! मी म्हटलं, नातवंडांचं माझं मी बघेन, तू नियम सांग. मग त्याने सांगितलं. पदवीला एकशेवीस क्रेडिट्स. आठवड्याला एक तास, असं सत्रभर बसलं की एक क्रेडिट. जुन्या पदवीतली भाषा, गणित ते धरतात. पण दुसऱ्या पदवीला किमान तीस क्रेडिट्स नवी लागतात, आणि तीही त्यांच्याच कॉलेजात मिळवलेली. वर इतिहासाचे सक्तीचे विषय सगळेच. असं करत तीसची बेचाळीस झाली. रसायनशास्त्राची जी प्रॅक्टिकल्स करताना मी बोटं भाजून घेतली, त्यांची इथे किंमत शून्य. शाळेत शाईचा डाग पडला म्हणून सिस्टर पट्टी मारायच्या, तेव्हासुद्धा माझा एवढा अपमान झाला नव्हता.

मी भांडले, हे सांगायला नकोच. मेहनतीने मिळवलेलं वाया कसं जातं, असं विचारलं. तो शांतपणे म्हणाला, "वाया जात नाही, मॅडम, फक्त इथे मोजत नाहीत. अर्धवट सोडून जातात त्यांचं मात्र खरंच जातं. सात वर्षांनी." मी भांडण तिथेच सोडलं आणि बोटांवर वर्षं मोजली. मी भांडण अर्धवट सोडते तेव्हा काहीतरी बिघडलेलं असतं, हे तुला ठाऊक आहे.

तू गेलीस तेव्हा तुझी एकशेदोन झाली होती. मी मोजली होती. फक्त अठरा राहिली होती. नाटकमंडळीबरोबर फिरून प्रकाशयोजना शिकायला तुला एका सत्राची रजा हवी होती. मी काय बोलले ते तू विसरली नसशील. दिवे लावायला माणसं लागत नाहीत, बटणं लागतात. तरी निघताना तू रजेचा अर्ज माझ्या हातात ठेवलास. "आई, सोमवारी नक्की दे हं, माझी गाडी उद्याच आहे." पुढे कॉलेजने तुझं नाव कमी केलं. अर्ज नाकारला, असं मी तुला कळवलं. तू त्यांना शिव्या घातल्यास. मीही घातल्या, तुझ्याहून नेटक्या. त्यानंतरच्या भांडणात तू फोन ठेवलास, तो ठेवलासच. आता मामा सांगतो, पदवी नाही म्हणून नाट्यगृहाने मुख्य जागेसाठी तुला दोनदा डावललं.

क्लार्कला माझ्या मूळ गुणपत्रिका हव्या होत्या, म्हणून घरी येऊन निळी फाइल काढली. गुणपत्रिकांच्या खाली तुझा अर्ज होता. हरवलेला नाही, विसरलेला नाही. मीच ठेवलेला. नाव जाईल या धास्तीने तू परत येशील, असं वाटलं होतं. तू आली नाहीस, आणि एरवी सगळ्यांना सोलून काढणारी माझी जीभ हे एवढं एक वाक्य बोलायला कधी उचलली गेली नाही. काल तो अर्ज आणि माझ्या हातचं कबुलीपत्र घेऊन खिडकीवर गेले. क्लार्कने दोनदा वाचलं. या वेळी ना आजी म्हणाला, ना मॅडम. प्राचार्य तुझं नाव पुन्हा घ्यायला तयार आहेत; पण सात वर्षं येत्या शुक्रवारी चार वाजता भरतात, आणि त्याआधी तू स्वतः येऊन सही करायला हवी. माझी चालत नाही, विचारून पाहिलं. मी तीनपासून समोरच्या बाकावर बसेन. माझं तोंड बघायचं नसेल तर मामाला तसं सांग, मी घरीच थांबेन. तू मात्र ये.

अजून म्हणू देत असशील तर तुझीच,
आई