काळ्या कागदाची फट

बाबा, परवा आईच्या फोटोची काच तडकली. फ्रेम उतरवून मागचा पुठ्ठा काढला, आणि तेव्हापासून तुमच्याशी बोलावंसं वाटतंय. तुम्हाला जाऊन पन्नासेक वर्षं झाली असतील.

रांझीला तुमच्या कारखान्याच्या क्वार्टरमधलं आपलं स्वयंपाकघर मला अजून दिसतं. लढाईच्या दिवसांत ब्लॅकआउट म्हणून तुम्ही खिडकीला काळा कागद चिकटवला, आणि रोज काढायचा-लावायचा कंटाळा म्हणून तो दिवसाही तसाच राहिला. आई करवादायची, आम्हा नवराबायकोची मात्र चंगळ झाली. रविवारी दुपारी ओटा आवरला की आम्ही लाल बल्ब लावून थाळ्यांमध्ये फोटो धुवायचो. कॅमेरा माझा, लग्नाआधीपासूनचा. बायकोला तो धरायला मीच शिकवलं आणि वर्षभरात ती माझ्या कितीतरी पुढे निघून गेली. मी उजेड किती, वेग किती याची गणितं करत बसायचो. ती नुसती बघत राहायची आणि एकदाच बटण दाबायची. जमलेलं असायचं.

तुम्ही कारखान्यात तपासणीवर. ओव्हरटाइम करून थकून आलात तरी वाळलेले फोटो टेबलावर पसरायचे, चष्मा कपाळावर चढवायचे, आणि प्रत्येकाच्या पाठीवर पेन्सिलीनं बरोबरची खूण नाहीतर फुली. कोणता कोणाचा, हे आधी सांगायचं नाही. "आमच्या टेबलावर माल येतो, कारागिराचं नाव येत नाही," म्हणायचे. निकाल लागला की मग विचारायचे, आणि फुल्या सगळ्या माझ्या निघायच्या. आईला नवं पातळ नेसायला लावून मी व्हरांड्यात ताठ उभं केलं होतं, तो फोटो बघून म्हणालात, "काहून रे, हिचा पासपोर्ट काढून राहिला का?" सगळे हसले, मीही हसलो, पण लागलं मला. तुमच्या हातची एक खूण मिळावी, एवढंच हवं होतं.

मग एका रविवारी खिडकीचा कागद कोपऱ्यात फाटला. त्या फटीतून उन्हाची पट्टी आईच्या सुपावर पडली होती, आई तांदूळ निवडत होती. आपली डार्करूम बिघडली म्हणून मी खळ घेऊन फट बुजवायला निघालो. "अहो, थांबा ना जरा," ती म्हणाली, आणि कॅमेरा पिठाच्या डब्यावर टेकवून बसली. त्या फोटोत आईचे हात हललेले आहेत, दाण्यांवर ऊन आहे, आणि चेहरा ती एकटी असताना असायचा तसा. जन्मापासून त्या चेहऱ्यासमोर वाढलो, पण तो मला तेव्हा पहिल्यांदा दिसला. तुम्ही फोटो बराच वेळ हातात धरून बसलात. खूण केलीत. "कोणाचा?" विचारलंत. मी म्हणालो, "माझा."

बायको थाळी विसळत होती. तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं आणि विसळत राहिली. तुम्ही फक्त "अच्छा" म्हणालात. पुढच्या आठवड्यात सराफ्याजवळच्या फ्रेमवाल्याकडून तुम्ही स्वतः तो मढवून आणलात, आणि त्याच हिवाळ्यात गेलात.

आताच्या चेरीतालच्या घरातही तो बैठकीतच आहे. पाहुणे म्हणतात, काय हात आहे भैया तुमचा. ती चहा ठेवून आत जाते. एकदा मी विचारलं, राग नाही येत तुला? म्हणाली, "त्या दिवशी तुमचं तोंड बघवत नव्हतं. चलो, जाऊ द्या. फक्त बाबांना कळायला हवं होतं, एवढंच वाटतं." इतक्या वर्षांत एक टोमणा नाही. तिच्या फोटोंचं कौतुक मी जन्मभर केलं, पण खरं सांगू, मला याचंच जास्त नवल वाटतं.

परवा पुठ्ठा काढला तर पाठीवर तुमची खूण, आणि तिच्याखाली तुमच्या अक्षरात, "सूनबाईचा. पास." तुम्हाला माहीत होतं, बाबा. तुम्ही माल हातात घेतला की कारागीर ओळखायचे, हे मीच विसरलो. आईसमोर, बायकोसमोर मला खाली बघावं लागू नये म्हणून तुम्ही ते भिंतीकडे तोंड करून ठेवलंत.

आज नवी काच बसवली. फ्रेम सरळ लागली का, ते तीच खालून सांगत होती. मागे काय लिहिलंय ते मी तिला दाखवलं नाही. तिला सांगायला हवं, ते तुम्हाला लिहून राहिलो.