सायखेड्याचा सहादू

४ जानेवारी, शनिवार

हा कार्यक्रम मला नक्की कितीला पडला? एक सासरा (मालिकेतला, तीनशे भाग तरी चालला असता), इन्स्पेक्टरच्या भूमिकांसाठी बावीस वर्षं राखलेली मिशी, आणि मीनाचं बोलणं. मिशी मीच उतरवली, रेडिओवर कोण बघतंय! बोलणं मंगळवारपासून बंद आहे. त्या दिवशी मालिकेच्या निर्मात्याला नाही म्हणालो, चित्रीकरण शनिवारीही होतं. "अहो, लोक एका भूमिकेसाठी उंबरे झिजवतात. तुम्ही सोडलीत कशासाठी? त्या न कळणाऱ्या गाण्यांसाठी?" बायकोचं हे शेवटचं वाक्य.

हो, त्यांच्यासाठीच. देवळालीच्या भंगारवाल्याकडे पहिली कॅसेट मिळाली तेव्हा पंचविशीत होतो. आता दर शनिवारी चार ते पाच — अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं सोल आणि फंक संगीत, नाशिकच्या रेडिओवर!

११ जानेवारी

मस्त गेला आजचा तास. ट्रम्पेट सुरू व्हायच्या आधी अर्धा श्वास थांबलो, नाटकात हशा ओसरायला थांबतात तसा. म्हणालो, "ही माणसं सगळा जीव समेवर टाकतात. बाकीचे तीन ठोके नुसते पाहुणे!"

फोन दोन. एकाला भावगीत हवं होतं. दुसऱ्याने कांद्याचा भाव विचारला.

योगिनी, कार्यक्रमांची प्रमुख, माझ्या निम्म्या वयाची. बाहेर पडताना अडवलं तिनं. "काका, आवाज लोणी आहे तुमचा. पण खाणारा कुठंय? वरचे विचारतात. एक फेब्रुवारीपर्यंत श्रोत्यांचे आवाजी निरोप आले नाहीत, तर तिथे भक्तिगीतं."

१३ जानेवारी

मीना बहिणीकडे गेली होती. डोक्यावर गोधडी घेतली, मोबाइल तोंडाशी धरला —

"राम राम! सायखेड्याचा सहादू बोलतो. त्या गानाऱ्या बाईचं काय कळलं नाय, पन ती रडती का भांडती तेवढं सांगा. लय भारी!"

एका दमात जमलं. सटाण्याच्या हौशी मंडळात पडदा ओढण्यापासून सुरुवात केली मी. विंगेत उभं राहून कान तयार झाले. कुणाचा पाय पायरी चुकला, कुणाला वाक्य आठवत नाहीये, डोळे मिटून सांगायचो. बेस गिटारच्या तारा नव्या की जुन्या, तेही कळतं. माझी चोरी पकडायला माझ्याहून तिखट कान लागतील. ते या जिल्ह्यात नाहीत!

१८ जानेवारी

निरोप वाजवला, माझ्या मोबाइलवर आला म्हणून सांगून. काचेपलीकडे योगिनी पोट धरून हसत होती. "काका, हा माणूस सोनं आहे!"

थोडी लाज वाटली. पुरेशी नाही.

२५ जानेवारी

सहादूचे आज आणखी दोन निरोप. एकात त्याने मलाच झापलं — "तुमी लय बोलता राव. गानं लावा की!" माझ्याहून तोच जास्त शोभतो. आठवड्यात लोकांचे सात खरे निरोप आले. त्यातल्या पाचांना सहादूच हवाय.

योगिनी खुशीत. "पुढच्या शनिवारी त्यांना स्टुडिओतच बोलवू. गाडी पाठवते मी. नंबर द्या."

नंबर! उद्या देतो म्हणालो. मेलो.

२७ जानेवारी

मीनाला सांगावंच लागलं. तिने भाजी निवडून संपवली. मग अठ्ठावीस दिवसांचं मौन सुटलं — "अहो, खोटं तुम्हाला शोभतं. पण स्टेजवर. सांगून मोकळे व्हा."

"कार्यक्रम जाईल."

"जाऊ दे. मिशी काय, परत येते."

२९ जानेवारी

नंबर अजून दिलेला नाही. दुपारी योगिनीने बोलावलं. एक निरोप ऐकवला. बाईचा आवाज, मागे खोक्यांची खडखड —

"दादा, मी सायखेड्याची सिंधुबाई. आमी पंधरा बाया हितं द्राक्षं भरतो. शनवारी तुमचा रेडिओ लावतो. गानं कळत नाय, पन हात चालत्यात. मुकादम म्हनला बंद करा. आमी नाय केला! तुमच्या सहादूला लय हुडकला. असा कोनी आमच्या गावात नाय. नसला तर नसू द्या. गानी तेवढी बंद करू नका."

योगिनी म्हणाली, "पुन्हा लावू?"

लाव म्हणालो. तीनदा ऐकला. आयुष्यात टाळ्या पुष्कळ घेतल्या. कुणाचे हात माझ्यामुळे चालतात, हे पहिल्यांदाच ऐकलं.

तिथेच सांगायला हवं होतं. सांगितलं नाही.

१ फेब्रुवारी, शनिवार

कार्यक्रमाआधी योगिनीला सगळं सांगितलं. ती हसली नाही. "शनिवार तुमचाच राहील काका, सिंधुबाईंमुळे. सहादू आजपासून बंद." मग तिने सहादूचे तिन्ही निरोप आवाज वाढवून लावले. सिंधुबाईंच्या निरोपानंतर, बुधवारीच ती हे ऐकून बसली होती. तिन्हींत, माझ्या आवाजामागे, रेल्वेचा भोंगा. आमचं घर नाशिकरोडला रुळाला लागून आहे. वीस वर्षांत तो मला ऐकू येईनासा झालाय.

सायखेड्याला रेल्वे नाही.